हाडांचा मुकादम

दौलत मुकादम मला कधी आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याच्याविषयी एखादं बरं वाक्य लिहून गेलंच तर कुणी त्याचा भलता अर्थ काढायला नको. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझं वय झालं. बाकीचे बरेच राग निवले, भाऊबंदकीतलेसुद्धा. हा एक तसाच राहिला.

मी तेव्हा जऊळक्याच्या स्टेशनावर मालबाबू होतो. स्टेशन लहान, मीटरगेजचं. मालधक्क्यावर हंगामात कापसाच्या गाठी आणि सरकी, एरवी काहीबाही. आमच्या वस्तीतून रेल्वेत लागलेला मी पहिला. धम्म घेतला त्या साली माझ्या वडिलांनी गावाची मेलेली ढोरं ओढणं सोडलं. वस्तीतल्या सगळ्यांनीच सोडलं. त्याबद्दल गावानं काय काय भोगायला लावलं ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. शेतातलं काम बंद, पिठाची गिरणी बंद, दुकानात मीठसुद्धा मिळेना. पण ढोर पुन्हा कुणी ओढलं नाही. आम्ही पोरं शिकलो ती त्या हट्टाच्या जोरावर.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. चारा नाही, पाणी नाही. लोकांनी बैल सोडून दिले, आणि ते बांधाबांधावर, नाल्यानाल्यात पडले. गिधाडांचं फावलं. उन्हाळा सरेपर्यंत सगळ्या शिवारात पांढरे सांगाडे दिसू लागले. आणि एके दिवशी मालधक्क्याच्या पलीकडची पडीक जागा एका ठेकेदारानं भाड्यानं घेतली, भोवती काटेरी तार ओढली, आणि हाडांचा डेपो सुरू झाला. खेड्यापाड्यांतून बैलगाड्यांनी, डोक्यावरून हाडं यायची. ती वाळवायची, शिंगं-खूर वेगळे काढायचे, मोठी हाडं घणानं फोडायची आणि वॅगनीत भरायची. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीकडून ती पुढे बोटीनं विलायतेला जात. ठेकेदार महिन्यातून एखाद्या वेळी उगवायचा. डेपो चालवायचा तो दौलत मुकादम.

तो मंगरूळपीरकडचा. उंच, काळाकभिन्न, खांदे पहिलवानासारखे. अंगात पांढरा टेरलिनचा बुशशर्ट, पायात जाड बूट. डेपोच्या वासानं स्टेशनावरची माणसं नाकाला रुमाल बांधून फिरायची, पॅसेंजर गाडीच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. हा मात्र ढिगाशेजारी छाती काढून उभा राहायचा, लग्नाच्या मांडवात उभं असल्यासारखा. रुमाल लावलेला मजूर दिसला की म्हणायचा, "नाकानं काम करतं का हातानं?" दुपारी त्याच ढिगापुढं बाजेवर बसून डबा सोडायचा. भाकर, ठेचा, कांदा. सावकाश खायचा. बाया दूर झाडाखाली जाऊन, पाठ करून जेवत, तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यांना दिसावं म्हणूनच तो तिथं बसतो, अशी माझी खात्री होती.

मजुरांना तो नावानं हाक मारत नसे, गावाच्या नावानं मारायचा. "ए अनसिंग, टोपलं भर." "ए जऊळका, तिकडं काय पाहून राह्यली?" एका गावच्या चार बाया असल्या तर चौघी वळून पाहायच्या. त्याला ते सोयीचं होतं. चौघींपैकी एकीचं चुकलं की चौघींना ऐकावं लागे. मला तो "इस्टेशन" म्हणायचा.

तो आमच्यातलाच होता हे कळायला वेळ लागला. कौतिकानं ते शोधून काढलं. तिच्या मावशीचं सासर त्याच्या गावात होतं. कौतिका आमच्या वस्तीतली विधवा बाई, एका मुलाची आई, दातांना तंबाखूचा गुल घासणारी, तोंडाची फटकळ. बातमी कळल्यावर तिनं डेपोच्या तारेजवळ जाऊन त्याला मुद्दाम मोठ्यानं "जयभीम" घातला. तो म्हणाला, "हं, हं. काम पाहिजे का?"

काम पाहिजे का, हे विचारायला तो नंतर वस्तीतच आला. विहार म्हणजे तेव्हा टिनाची शेड होती. तिथं माणसं जमली. आनंदाबा सगळ्यांत वडील. ते म्हणाले, "दौलत, आमी सोडलं थे सोडलं. आता हात लावनार नाई."

"बा, तुमी सोडलं थे वेठीचं काम होतं," दौलत म्हणाला. "गावानं हुकूम करावा आन तुमी फुकट ओढावं. हे वेठ हाये का? हा धंदा हाये. हा माल बोटीत बसून साहेबाच्या देशात जाते. तिथं हाडाले जात नसते."

"आन तुले कोनती जात हाये रे?" कौतिकानं मागून विचारलं.

"मी मुकादम आहो," तो म्हणाला. "फुकटाची लाज असते, बाई. रोजाची कायची लाज?"

आनंदाबा उठून निघून गेले. त्या दिवशी कुणी हो म्हणालं नाही. पण तो दुष्काळ होता. खडी फोडायच्या सरकारी कामावर सगळ्यांना जागा नव्हती, आणि जिथं होती तिथलं काम मध्येच बंद पडायचं. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळे, तीही पोटभर नाही. आधी एक बाई डेपोवर गेली, मग तिची जाऊ गेली, आणि उन्हं तापली तशी अर्धी वस्ती तारेच्या आत होती. कौतिकाही. सरकारनं नाही, गावानं नाही, आमच्याच माणसानं आमच्या बायांना परत हाडांवर नेलं. माझ्या रागाचं मूळ तिथं आहे.

त्याला माझा राग माहीत होता. एकदा वॅगनीची बिल्टी, म्हणजे मालाची रेल्वेपावती, करून घ्यायला तो खिडकीशी आला. मी कागद लिहीत होतो, वर न बघता. तो म्हणाला, "इस्टेशन, तुह्या बापानं हाड सोडलं म्हनून तू बाबू झाला. बरं झालं. पन आता ह्या हाडाची बिल्टी कोन फाडते?"

मी पुढची ओळ लिहीत राहिलो.

"बापाले सांगतलं का?"

नव्हतं सांगितलं. वडील तेव्हा हयात होते, ओसरीवर बसून असायचे. डेपोच्या वाऱ्यानं तोंड फिरवायचे. माझ्या हातून कुठल्या मालाचे कागद जातात हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दौलतनं कागद घडी करून खिशात घातला आणि शीळ घालत गेला. चोराला चोराची वाट दिसावी तशी त्याला माणसाची दुखरी जागा दिसायची. हा त्याचा गुण म्हणायचा असेल तर म्हणा.

शेवंताचं प्रकरण झालं ते पुढच्या उन्हाळ्यात. शेवंता कौतिकाच्या शेजारची, अंगावर पिणारं मूल असलेली. अनवाणी ढिगावर चढली आणि फुटलेल्या हाडाचं टोक तळव्यात आरपार गेलं. बायांनी ते उपसून काढलं, हळद दाबली. दौलत आला, पाय पाहिला, म्हणाला, "घरी जा. बरं वाटलं तं ये." एवढंच. डेपोवर ट्रक उभा होता, वाशीमला रिकामा जाणार होता. त्यात बसवून दवाखान्यात पाठव, असं कौतिका म्हणाली. तो म्हणाला, "ट्रक शेठचा हाये, माहा नाई."

शेवंता घरी गेली. काही दिवसांनी तिची दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखं ताणू लागलं. मग वाशीमला नेलं, पण तेव्हा नेऊन उपयोग नव्हता. डॉक्टरांनी केलं ते केलं.

मयतीला दौलत आला होता. वस्तीच्या तोंडाशी उभा राहिला, आत आला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं शेवंताच्या नणंदेला निरोप पाठवला, जागा रिकामी आहे, येतेस का म्हणून. तो निरोप ऐकून कौतिका आधी हसली, मग तिनं हातातलं टोपलं डेपोच्या फाटकात उपडं घातलं आणि त्यावर बसली. बाकीच्या बाया तिच्या मागं बसल्या.

"चपला दे. हातमोजे दे," ती म्हणाली. "कोनाले लागलं तं दवाखान्यात न्यायले गाडी दे. मंगच टोपलं उचलू."

आमच्या भागात तेव्हा युनियन वगैरे कापसाच्या जिनात होती, तीही नावाला. हाडं वेचणाऱ्या बायांची युनियन कोण करणार? पण त्या बसल्या. वॅगन उभी राहिली. स्टेशन मास्तर माझ्यावर ओरडू लागले, मी दौलतकडे बोट दाखवलं. मला वाटलं होतं, हा आता शिव्या देईल, काठी उगारेल. त्यानं तसलं काही केलं नाही. बायांकडे एकदा पाहिलं, सायकल काढली आणि डोंगराकडच्या वाडीत गेला.

त्या वाडीतली माणसं ऊसतोडीला जाऊन नुकतीच परतली होती आणि हात रिकामे घेऊन बसली होती. हिंदू घरं, गरीब, आमच्याइतकीच. हाडाला हात लावायला ती कधी तयार झाली नसती. दौलतनं त्यांना काय सांगितलं ते मला पुढे त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं. तो म्हणाला होता, "त्या बाया म्हनतात, हे काम आता आमी करत नाई, आता हे तुमच्या वाडीच्या बायाहिनं करावं. तुमाले चालते का? नाई ना? मंग मरद मानसं चला. हात कायले लावता, फावडं देतो." असं एकाच दमात डिवचून आणि भुलवून त्यानं ती माणसं ट्रकात भरून आणली.

फाटकात बाचाबाची झाली. कोण आधी काय बोललं कोण जाणे. दगड उडाले. कौतिकाचं कपाळ फुटलं, वाडीतल्या एका म्हाताऱ्याचा दात पडला. पोलिस यायच्या आत सगळं शांत झालं, कारण भांडणारे दोन्हीकडचे लोक उपाशी होते. वॅगन संध्याकाळी भरून निघाली. त्या दुपारीही दौलतनं बाजेवर बसून डबा खाल्ला.

पुढे वाडीच्या माणसांनाही जखमा होऊ लागल्या. त्यांनी चपला मागितल्या तेव्हा त्यानं त्यांना फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आमच्या बाया दाखवल्या. आमच्या बायांना त्यानं एकेक करून परत घेतलं, आणि त्यांनी तोंड उघडलं की त्यांना वाडी दाखवली. शेवटी कौतिकालाही घेतलं. वॅगन भरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चपला कुणालाच मिळाल्या नाहीत. माझ्या नोकरीत मी बरेच साहेब पाहिले, कामगारांशी वागण्याच्या पुस्तकी गोष्टी सांगणारे. दौलतनं कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. त्याला ते सगळं येत होतं.

एकदाच मी त्याला खाली मान घातलेला पाहिला. मुंबईहून कंपनीचा साहेब आला होता. तरणाबांड, गोरटेला, नाकाला सेंटचा रुमाल. इथून गेलेला माल तिकडं परदेशात नापास झाला होता, ओला निघाला, माती फार निघाली. साहेब सगळ्यांदेखत दौलतला इंग्रजीत झापू लागला. दौलतला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. तो प्रत्येक वाक्यावर "येस सर, येस सर" म्हणत होता. साहेबानं मध्येच काहीतरी विचारलं, त्यावरही हा "येस सर" म्हणाला, तसा साहेब सोबतच्या माणसाकडं बघून हसला. मला ते इंग्रजी कळलं होतं. साहेबानं विचारलं होतं, "तू बैल आहेस का?"

मी ते त्याला कधी सांगितलं नाही. दया म्हणून नव्हे. ते वाक्य माझ्याकडं ठेवायला मला आवडत होतं.

साहेब निघता निघता कौतिकानं त्याला गाठलं. "साहेब, या हाडायचं तिकडं करतात तरी काय?"

साहेब जरा थबकला. मग मराठीत म्हणाला, "पुष्कळ गोष्टी करतात, बाई. औषधाच्या कॅपसूल. फोटोची फिल्मसुद्धा."

"मंग आमचा एक फोटो काढा ना," कौतिका म्हणाली. "लेका, हाडं आमची, फोटो दुसऱ्याचे."

बाया खदखदून हसल्या. साहेबही हसला, जीपमध्ये बसला. दौलत हसला नाही. जीप दिसेनाशी झाल्यावर त्यानं सगळा वाळलेला ढीग पुन्हा उकरायला लावला आणि माती झटकून नव्यानं रचायला लावला. त्या फुकटच्या कामात दिवस मावळला. पण त्या दिवसानंतर तो डेपोत पूर्वीसारखा राहिला नाही. ढिगापुढं उभा असायचा, पण लक्ष रुळांकडं.

पाऊस नीट होऊ लागला, गुरं मरायची कमी झाली, गाड्यांनी येणारी हाडं आटली. तिकडं म्हणे दुसऱ्या कुठल्या देशातून याहून स्वस्त माल मिळू लागला होता. हळूहळू वॅगनी लागायच्या थांबल्या. ठेकेदाराची माणसं येऊन काटा, टिनं, ताडपत्र्या, तारसुद्धा गुंडाळून घेऊन गेली. दौलतला कुणी सोबत नेलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मात्र तो माझ्या खिडकीशी आला तेव्हा रडकुंडीला आलेला नव्हता. चहा मागवला, दोन. पहिल्यांदाच.

"इस्टेशन," तो म्हणाला, "मालाचा भरवसा नाई. मालाचा भाव तिकडचा मानूस ठरवते, आन नापास करते. मानूस मात्र कुठंबी खपते."

मला वाटलं, वैतागून बोलतो आहे. तो योजना सांगत होता.

दोनएक वर्षं तो दिसला नाही. परत आला तेव्हा हातात चामड्याची बॅग होती. मुंबईतल्या कुण्या एजंटासाठी माणसं गोळा करत होता. अरब देशांत मोठमोठ्या इमारती उठत होत्या, तिथं गवंडी, सेंट्रिंगवाले, नुसते हमाल, सगळे पाहिजेत, असं तो सांगे. मंगरूळपीरच्या दर्ग्याजवळ चहाच्या टपरीवर त्यानं बैठक मांडली. आमच्या वस्तीतली पोरं गेली, वाडीतली गेली. ज्यांच्या बापांनी आणि आयांनी फाटकात एकमेकांवर दगड टाकले होते ती पोरं एकाच बाकावर बसून त्याचं ऐकायची.

कौतिकाचा वसंता त्यांत होता. मॅट्रिकला एकदा नापास, दुसऱ्यांदा पास, नंतर रिकामा. ती माझ्याकडं आली. "बाबू, तुमी सांगा त्याले. तुमचं ऐकते थो." मी सांगितलं. दौलत कसला माणूस आहे ते पहिल्यापासून सांगितलं. वसंतानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुमी म्हनता थे सारं खरं हाये. पन तुमच्यापाशी काम हाये का?"

पुढचं थोडक्यात सांगतो. वसंता गेला. त्या खेपेला गेलेल्यांपैकी कुणी कमावून आलं, कुणी पासपोर्ट मालकाच्या ताब्यात देऊन अडकलं, एकाचं नुसतं सामान आलं. वसंता बऱ्याच वर्षांनी गुडघा निकामी होऊन आला, पण आला. गावात सिमेंटच्या विटा पाडायचं काम टाकलं. दौलतचं नाव तो घरात काढू देत नसे. पण दुसऱ्या कुणी दौलतला शिवी दिली तर तेही त्याला चालत नसे. मी कारण विचारलं होतं. तो म्हणाला, "जाऊ द्या ना, काका."

मी दौलतला शेवटचं पाहिलं ते ही पोरं निघाली त्या सकाळी. अकोल्याकडं जाणारी पॅसेंजर, तिथून पुढं मोठ्या लाइनीनं मुंबई. फलाटावर आयाबाया जमल्या होत्या. कौतिकानं वसंताच्या हाती भाकरीचं फडकं दिलं आणि तशीच दौलतपुढं जाऊन उभी राहिली. तिच्या कपाळावरचा व्रण उन्हात चकाकत होता.

"पोट्ट्याची जबाबदारी माही, कौतिकाबाई," तो म्हणाला. मी त्याच्या तोंडून कुणाचं नाव ऐकलं ते तेव्हा पहिल्यांदा.

"शेवंताची कोनाची होती?"

त्यानं बॅग दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "तिची कोनाचीच नव्हती. म्हनूनच मेली. याची हाये."

कौतिका त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, थुंकेल. ती नुसती वळली आणि वसंताच्या खिडकीशी गेली.

गाडी खचाखच भरलेली होती. दौलत आत घुसला, खांद्यानं गर्दी सारली, कुणाला दम दिला, कुणाला विनवलं, आणि एकेका पोराला बाकावर जागा करून दिली. वाडीतल्या एका पोराला उलटी होत होती, त्याला खिडकी दिली. सगळे बसल्यावर स्वतःसाठी काही उरलं नाही. तो दारात खाली बसला, पांढऱ्या शर्टासकट, संडासाला लागून असलेल्या त्या ओल्या जागेत. पाय लांब करून समोरच्या फळीला टेकवले. गाडी हलली. मी हिरवं निशाण दाखवणाऱ्या पोर्टरशेजारी उभा होतो. डबा माझ्यासमोरून गेला तेव्हा दौलतनं माझ्याकडं पाहिलं नाही. तो आत पोरांकडं बघत होता.

पोरांना बसायला मिळावं म्हणून तो तिथं बसला होता, की वाटेतल्या स्टेशनावर कुणाचं मन बदललं तर उतरता येऊ नये म्हणून दार अडवून बसला होता, हे मला त्या सकाळी कळलं नाही. नंतरही कळलं नाही. गाडी वळणाला गेली तोवर ते आडवे पाय तसेच होते.